संभाजीराजांची अखेर : ग्रंथात आणि पडद्यावर

एखाद्या लोकप्रिय ऐतिहासिक ग्रंथावरून चित्रपट निघाला म्हणजे त्याची परीक्षा आपल्याकडे दोन तऱ्हांनी होते. एक पक्ष साधनग्रंथ पुढ्यात घेऊन बसतो आणि कोणत्या प्रवेशात कोणती पगडी चुकली याची टिपणे काढतो. दुसरा पक्ष 'ही कला आहे, इतिहास नव्हे' एवढे एक वाक्य उच्चारून मोकळा होतो. पगडीच्या चुकीने ग्रंथाचा आत्मा बिघडत नाही. आणि कलेचे नाव घेतल्याने ज्या माणसाला पडद्यावर आणले तो एके काळी खराखुरा जगला आणि मेला ही गोष्टही पुसली जात नाही. तेव्हा या दोन्ही पक्षांस दुरून नमस्कार करून आम्ही एक वेगळीच विचारणा येथे करणार आहो. राजाचे मरण वाचणे आणि राजाचे मरण पाहणे यांत अंतर किती, आणि त्या अंतरात हरवते काय?

निमित्त 'छावा'चे आहे. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रात ती घरोघर वाचली गेली. तिच्यावरून लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. आम्ही तो जळगावास अकरावीत शिकणाऱ्या आमच्या नातवासह पाहिला. गर्दी लोटली होती. खुर्च्यांवर लग्नघराप्रमाणे तीन पिढ्या बसलेल्या होत्या. अखेरच्या अर्ध्या तासात त्या गर्दीत हुंदके ऐकू येत होते. ते हुंदके खोटे होते असे म्हणण्याइतके आमचे अंतःकरण कोरडे नाही. आमचाही रुमाल ओला झाला. परंतु घरी परत येताना नातवाने विचारले, "आजोबा, हे सगळे असेच झाले होते का?" आणि उत्तर देताना आम्ही अडखळलो. हा लेख म्हणजे त्या अडखळण्याचा हिशेब आहे.

प्रथम एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आणून दिली पाहिजे. संभाजीराजांवर अन्याय झाला तो लेखणीने आणि रंगभूमीने मिळून केला होता. बाळाजी आवजी चिटणीस यांस राजांनी १६८१ साली देहान्त शासन दिले. त्याच घराण्यातील मल्हार रामराव चिटणीस यांनी सव्वाशे वर्षांनंतर बखर लिहिली. अशा बखरीत राजांचे चित्र कोणत्या रंगाने रंगेल हे सांगणे नलगे. पुढे नाटककारांनी त्याच चित्राला दिवे लावले. गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या 'राजसंन्यासा'तील मद्यपी, विषयासक्त संभाजी हा भाषेच्या वैभवामुळेच अधिक घातक ठरला, कारण लोकांनी वाक्ये पाठ केली आणि वाक्यांबरोबर माणूसही पाठ केला. हे चित्र पुसण्याचे काम वा. सी. बेंद्रे यांच्या चिकाटीने झाले. त्यांचा चरित्रग्रंथ १९६० साली निघाला. त्यात राजांचा संस्कृत ग्रंथ 'बुधभूषण', त्यांचा राज्यकारभार, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी चालविलेले झगडे या सर्वांची कागदपत्रांनिशी मांडणी झाली. डॉ. कमल गोखले यांच्या 'शिवपुत्र संभाजी'ने ती अधिक पक्की केली. सावंतांची कादंबरी या पायावर उभी आहे. संशोधकांनी सिद्ध केलेले लोकांच्या गळी उतरविणे हे तिचे कार्य, आणि ते तिने केले याबद्दल मराठी वाचक तिचे ऋणी आहेत.

चित्रपटाचा आरंभ आमच्या खानदेशात होतो. १६८१ सालच्या जानेवारीअखेरची बुऱ्हाणपूरची स्वारी! बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी मोगली अंमलात खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे तेच. भुसावळहून गाडीत बसले की तास-दीड तासात तेथे उतरता येते. खाफीखानाने या स्वारीचे वर्णन तपशीलवार दिले आहे. कोटाबाहेरचा बहादुरपुरा आणि दुसरे संपन्न पुरे मराठ्यांनी तीन दिवस लुटले, नायब सुभेदार काकरखान दरवाजे लावून आत बसला, कोटाच्या आतले शहर मात्र हाती लागले नाही. धाडसाच्या दृष्टीने ही स्वारी काय कमी आहे? परंतु चित्रपटास ती पुरत नाही. तेथे राजे एका खड्ड्यात सिंहाशी झुंजतात आणि त्याचा जबडा फाडतात. टाळ्या अर्थातच पडतात. आम्हांस मात्र त्या क्षणी कादंबरीचे नाव आठवले. 'छावा' हा सावंतांच्या हाती एक अलंकार होता. सिंहाचा बच्चा म्हणजे शिवरायांचा पुत्र, एवढे सुचवून शब्द बाजूला सरत होता. दिग्दर्शकाने अलंकाराचे जनावर करून त्याला खड्ड्यात सोडले. पुढच्या सगळ्या चित्रपटाची किल्ली आम्हांस येथेच सापडली. जे मनात घडायचे ते सारे येथे अंगावर घडते.

संगमेश्वरचेच पाहा. मुकर्रबखान कोल्हापुराकडून सह्याद्रीच्या अवघड वाटांनी दौड करीत आला आणि फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी त्याने राजांना गाठले. राजांजवळ माणसे थोडी होती. चकमक झाली, म्हाळोजी घोरपडे पडले, कवी कलश जखमी झाले, राजे सापडले. या प्रसंगाचे भयानकत्व त्याच्या आटोपशीरपणात आहे. नऊ वर्षे ज्याने औरंगजेबाच्या अफाट फौजेला दाद दिली नाही, तो छत्रपती एका सकाळच्या गाफिलीत हाती लागावा! चित्रपटातील संगमेश्वर मात्र संपता संपत नाही. शेकडो मोगल कोसळतात आणि साखळदंडांनी जखडल्यावरही राजे त्यांना ओढीत राहतात. पराक्रमाचा हा गुणाकार करताना दिग्दर्शकाला वाटले असेल की आपण राजांना मोठे करीत आहो. आमच्या मते त्याने दैवाला लहान केले, आणि दैव लहान झाले की शोकान्तिका उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. पकडले गेल्यापासून फाल्गुन वद्य अमावास्येपर्यंत, म्हणजे ११ मार्च १६८९ पर्यंत, सुमारे ४० दिवस जातात. या ४० दिवसांविषयी आपल्याजवळ काय आहे? जेधे शकावलीसारख्या मराठी साधनात त्रोटक नोंद आहे : अमक्या तिथीस धरले, अमक्या तिथीस तुळापुरी मारले. बाकीचे जवळजवळ सारे मोगलांच्या नोकरांनी लिहिलेले आहे. साकी मुस्तैदखान, खाफीखान, ईश्वरदास नागर ही त्यांतील ठळक नावे. जन्माने बुऱ्हाणपूरचा असलेला भीमसेन सक्सेना हाही त्याच छावणीतला. बहादूरगडास काढलेली धिंड, विदूषकाचा वेष, डोळे काढणे हे सर्व आपण मारणाऱ्यांच्याच लेखणीतून वाचतो. राजांच्या बाजूचा एकही साक्षी त्या छावणीतून जिवंत परतून लिहिता झाला नाही. रात्री राजे कवी कलशाशी काय बोलले, येसूबाईंची आठवण कशी निघाली, रायगडाचे काय होईल याची काळजी त्यांनी कशी वाहिली, याविषयी इतिहास मुका आहे.

या मुकेपणाशी कसे वागायचे, हीच अशा ग्रंथाची आणि चित्रपटाची खरी कसोटी होय. कादंबरीकार तेथे मन घालतो. ते मन कल्पनेचे आहे हे वाचकाला ठाऊक असते. पुस्तक मिटून तो थांबतो, पान मागे उलटतो, विचार करतो. शिवाय बेड्या पायांत पडतात तेव्हा आपण शेकडो पाने चाललेले असतो. दोन वर्षांचे असताना आई गेलेला मुलगा, नवव्या वर्षी आग्र्यास गेलेला राजपुत्र, घरच्या कारस्थानांनी पोळलेला तरुण, असा सगळा माणूस त्या बेड्यांत असतो. चित्रपटाला वेळ थोडा. पावणेतीन तासांच्या आत त्याला आटोपायचे असते. म्हणून तो स्वारीपासून सुरू होतो आणि आधीचे आयुष्य एक-दोन स्वप्नांत उरकतो. हेही चालले असते. पण त्या काटछाटीत एक असे प्रकरण गळले की त्यावाचून अखेरचा अर्थच लागू नये.

आम्ही दिलेरखानाच्या प्रकरणाविषयी बोलत आहो. १६७८ च्या डिसेंबरात युवराज संभाजी मोगलांच्या गोटात निघून गेले. पुढल्या वर्षी भूपाळगड पडला तेव्हा ते दिलेरखानाबरोबर होते. वर्षाच्या आत ते परत आले. पन्हाळ्यावर पिता-पुत्रांची भेट झाली. हे प्रकरण चरित्रकारांना अवघड वाटते आणि भक्तांना नकोसे. परंतु विचार करा. ज्याने एकदा मोगलांची मनसब अंगावर घेऊन पाहिली होती, त्याच्यापुढे दहा वर्षांनी औरंगजेब उभा राहतो. मोगली साधनांप्रमाणे त्या वेळी दोन प्रश्न विचारले गेले : तुझा खजिना कोठे आहे, आणि माझ्या सरदारांपैकी तुला कोण फितूर आहेत? धर्मांतराची अट बखरींतून आणि परंपरेतून आपल्यापर्यंत ठळकपणे आली आहे. काहीही असो, उत्तर नकाराचे होते, आणि ते देणाऱ्याला दुसरी वाट कशी असते हे पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. तो त्या वाटेने चालून परतलेला होता. १६८९ च्या नकाराचे वजन १६७८ च्या चुकीत आहे. ती चूक काढून टाकली की उरतो तो केवळ सहनशक्तीचा विक्रम; मग खिळे, मीठ, तापलेल्या सळया यांची संख्या वाढविण्यापलीकडे दिग्दर्शकाच्या हाती काही राहत नाही. चित्रपटाचा अखेरचा अर्धा तास नेमका तसा आहे. देहाची विटंबना इतकी जवळून आणि इतका वेळ दाखविली जाते की आपण राजांकडे पाहतो आहो की त्यांना छळणाऱ्यांच्या हातांकडे, हेच कळेनासे होते. मारणाऱ्यांच्या बखरीत जे होते तेच मोठे करून पडद्यावर आले, आणि जे त्या बखरीत नव्हते, म्हणजे राजांचे मन, ते येथेही आले नाही!

एका प्रसंगाचा अपवाद केला पाहिजे. साखळदंडांत जखडलेले राजे आणि कवी कलश एकमेकांना काव्यपंक्तींनी साद घालतात, तेथे चित्रपट एकाएकी उंच होतो. दोघे कवी, दोघे मरणाच्या दारी, आणि छळणाऱ्यांना न कळणारा एक खेळ दोघांत चाललेला. विकी कौशल आणि विनीतकुमार सिंह यांनी तो प्रवेश संयमाने केला आहे. 'बुधभूषण' लिहिणारा राजा सबंध चित्रपटात तेवढ्याच ठिकाणी आम्हांस भेटला. औरंगजेबाच्या भूमिकेत अक्षय खन्ना यांनी पुष्कळसे काम नुसत्या डोळ्यांवर आणि मौनावर निभावले आहे. ज्या पात्राला ओरडू दिले नाही तेच पात्र मनात राहिले, यावरून दिग्दर्शकाने काही बोध घ्यावा. येसूबाईंवर मात्र अन्याय झाला. पती शत्रूच्या हाती असता, आपला मुलगा बाजूला ठेवून दीर राजाराम यांस मंचकावर बसविण्याचा निर्णय त्या बाईने रायगडावर घेतला. राज्य त्या निर्णयाने तगले. पुढे १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि तिने बाळ शाहूसह कैद पत्करली, ती १७१९ पर्यंत भोगली. चाळीस दिवसांची ही दुसरी बाजू. रश्मिका मंदाना यांच्या वाट्यास मुख्यतः ओवाळणे आणि वाट पाहणे आले आहे.

पाश्चात्त्यांकडे या जातीचा एक चित्रपट झाला आहे, त्याची तुलना उद्बोधक होईल. योआखिम फेस्ट या इतिहासलेखकाने हिटलरच्या अखेरच्या दिवसांवर २००२ साली छोटे पुस्तक लिहिले. त्यावरून आणि हिटलरची चिटणीस ट्राउडल युंगे हिच्या आठवणींवरून २००४ साली 'डाउनफॉल' या नावाने जगभर गाजलेला जर्मन चित्रपट निघाला. विषय दुष्टाच्या मरणाचा, म्हणून संभाजीराजांच्या शेजारी तो ठेवताना आम्हांस संकोच होतो. तुलना माणसांची नसून पद्धतीची आहे. तेथे साक्षी होते, तळघराच्या खोल्या ठाऊक होत्या. तरीही दिग्दर्शकाने हिटलरचे मरण दाराआड ठेवले आणि चित्रपटाच्या आरंभी व शेवटी त्या वृद्ध चिटणिशीला प्रत्यक्ष पडद्यावर आणून बोलते केले. हे मी पाहिले, आणि हे मला तेव्हा कळले नाही, असे ती सांगते. साक्ष कोणाची हे प्रेक्षकाला समजते. आमच्याकडे साक्षी नाहीत, म्हणून तर अधिक जपून बोलावे! साकी मुस्तैदखानाला कागदावर लिहिताना एकदा जरी पडद्यावर दाखविले असते, तरी आमच्या नातवाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर चित्रपटानेच दिले असते.

मराठी ग्रंथांच्या नायकांना पडद्यावर मरण आले ते हे पहिलेच नव्हे. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून संजय लीला भन्साळी यांनी २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' काढला. बाजीरावांचा अंत २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीस झाला. (नावावरून आमच्या जिल्ह्यातील रावेरशी पुष्कळांचा घोटाळा होतो, हे गाव निमाडात, खरगोण जिल्ह्यात आहे.) नासिरजंगाकडून मिळालेल्या हंडिया-खरगोणच्या मुलखाची व्यवस्था लावावयास गेलेला, विशी-एकविशीपासून घोड्यावर असलेला सेनापती तापाने चार दिवसांत जातो, असा तो साधा, उन्हाळ्यातला, धुळीतला मृत्यू. पडद्यावर मात्र तो भ्रमात पाण्यातल्या अदृश्य स्वारांवर तलवार चालवितो आणि त्याच क्षणी तिकडे कैदेत मस्तानी प्राण सोडते. मस्तानीचा अंत कसा झाला हे कागद सांगत नाहीत. तरीही आम्हांस या शेवटाचा राग आला नाही. भ्रमाचा प्रवेश भ्रम म्हणूनच दाखविला आहे. दिग्दर्शक स्वप्न विकतो आहे हे पहिल्या झुंबरापासून कळते. जे उघडपणे कल्पित असते ते फसवीत नाही.

आणि रणजित देसाईंची 'स्वामी'! १९६२ सालची ही कादंबरी ऐंशीच्या दशकात गजानन जागीरदार यांनी दूरदर्शनवर आणली; प्रभातच्या 'रामशास्त्री'त १९४४ साली रामशास्त्र्यांची भूमिका करणारे तेच जागीरदार. थेऊरच्या गणपतीपुढे क्षयाने झिजून १८ नोव्हेंबर १७७२ रोजी गेलेले माधवराव, आणि शेजारी रमाबाई. दूरदर्शनपाशी ना पैसा होता ना फौजफाटा. पण रवींद्र मंकणी आणि मृणाल देव या दोघांच्या चेहऱ्यांवर ती मालिका तरली. त्या दारिद्र्यानेच तिला वाचविले असे आता वाटते.

'छावा' प्रदर्शित झाल्यावर जे घडले ते आमच्या शेजारी घडले, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी गावकरी रात्री बॅटऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागले. मोगलांचा खजिना पुरला आहे अशी आवई उठली होती आणि चित्रपटाने तिला बळ दिले होते. त्या चित्रांत माणसे वाकून माती चाळताना पाहिली आणि हसू येता येता थांबले. 'खजिना कोठे आहे' हाच तर औरंगजेबाचा प्रश्न! त्याच महिन्यात १७ तारखेस औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल उसळली, आणि या चित्रपटामुळे लोकांच्या भावना चेतल्याचे मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. दंगलीचा दोष एका चित्रपटावर टाकणे हा आळशीपणा होईल. तिची मुळे पुष्कळ खोल आहेत. परंतु अर्धा तास छळ दाखवून प्रेक्षकाला विचाराविना रस्त्यावर सोडले तर तो राग घेऊनच बाहेर पडणार, आणि ज्याच्यावर राग धरावयाचा तो तीनशे वर्षांपूर्वीच मातीत गेलेला आहे.

मध्यंतरी धुळ्यास जाणे झाले, तेव्हा राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसलो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. मंडळ त्यांच्या मागे उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाचे २२ खंड या गृहस्थाने गावोगाव पायपीट करून, वाण्यांच्या दुकानांत पुड्या बांधण्यासाठी निघालेले कागद सोडवून, छापले. एका तिथीसाठी ते किती भांडत! त्या दप्तरांसमोर बसल्यावर आम्हांस चित्रपटाची चीड आली नाही. उलट एक निराळीच खंत वाटली. बेंद्रे, गोखले यांचे ग्रंथ आमच्या पिढीने विकत घेऊन कपाटात लावले आणि मुलांच्या हाती कधी दिले नाहीत. पोरांनी मग पडद्यावरून इतिहास शिकला यात नवल ते काय?

नातवाने सुटीत 'छावा' कादंबरी वाचावयास घेतली आहे. जाडी पाहून प्रथम कुरकुरला. आता रात्री दिवा मालवीत नाही म्हणून सूनबाईंची तक्रार येते. परवा तो पुस्तक उघडे धरूनच आमच्या खोलीत आला. चेहरा उतरलेला होता. "आजोबा, राजे दिलेरखानाकडे का गेले? चित्रपटात तर असे काही नव्हते." तो खरोखरीच रागावला होता, सिनेमावर की राजांवर हे त्यालाही नीट सांगता येईना. आम्ही त्याला बसावयास सांगितले आणि कपाटातून बेंद्र्यांचा ग्रंथ काढला. त्याच्यावर धूळ पुष्कळ होती.